पगार स्वतःच आणायचा? पॉप्युलेशन हेल्थमधल्या संशोधकांची भरती नक्की चालते कशी

आमच्या शेजारचे नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. मागच्या रविवारी सकाळी सकाळी मोबाईल घेऊन आले, चष्मा कपाळावर, आणि म्हणाले, "सर, जरा हे वाचून सांगा, पोरीला नोकरी लागलीय की फसवलंय तिला." पोरगी म्हणजे त्यांची धाकटी. एमबीबीएस इथंच केलं, मग अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स), मग पीएचडी, आणि आता तिकडच्याच एका मेडिकल सेंटरमध्ये असिस्टंट प्रोफेसरची ऑफर आलीय, डिपार्टमेंटचं नाव पॉप्युलेशन हेल्थ. लेटर सात पानांचं. चौथ्या पानावर नाना अडकले होते. पहिली तीन वर्षं ७५ टक्के वेळ संशोधनाला राखीव आणि पगार डिपार्टमेंटचा, त्यानंतर पगारातला ७० टक्के हिस्सा तिनं बाहेरून ग्रँट, म्हणजे संशोधनासाठीचं अनुदान, आणून भरायचा.

"आम्ही जन्मभर नोटा छापल्या, तरी पगार सरकारनंच दिला," नाना म्हणाले. "हिनं म्हणे पगार स्वतःच आणायचा. मग ते लोक देतायत तरी काय?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो फक्त नानांचा नाही. मी बरीच वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) विभागात 'स्टॅटिस्टिशियन कम लेक्चरर' होतो (हो, असंच पद असतं, दोन माणसांचं काम एका खुर्चीत), त्यामुळे या भरतीची आतली बाजू थोडीफार माहितीय. आता नाशकातही सरकारी मेडिकल कॉलेज आलंय, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात एकदम दहा कॉलेजांचं उद्घाटन झालं त्यातलं एक आपलं, आणि प्राध्यापक पाहिजेत अशा जाहिराती पेपरात सारख्या दिसतात. तेव्हा नानांना जे समजावलं तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी हे पॉप्युलेशन हेल्थ म्हणजे काय

नानांचं गाव निफाडकडे, त्यामुळे मी कांद्याच्या चाळीपासूनच सुरुवात केली. उन्हाळ कांदा चाळीत भरला, महिन्याभरानं एक कांदा सडलेला दिसला, तुम्ही तो काढून फेकला. हे दवाखान्यातल्या डॉक्टरचं काम, एकेक कांदा हातात घेऊन बघायचं (कांदा फेकतात, पेशंटला बरं करतात, एवढा फरक सोडून द्या). पण अख्ख्या चाळीत सड का वाढली, खालून हवा खेळते का, कांदा काढल्यावर नीट सुकवला होता का, खत जास्त झालं का, कुठल्या शेतातला माल जास्त सडतो, हे शोधणारा माणूस वेगळा. तो एकाही कांद्याला हात न लावता चाळ वाचवू शकतो.

आणि त्यात अजून एक मेख आहे. चाळीत सरासरी दहा टक्के सड, असं म्हटलं की वाटतं चालतंय. पण ती दहा टक्के सगळीकडं सारखी पसरलीय की पत्रा गळतोय त्या कोपऱ्यातला सगळाच माल गेलाय? किंडिग आणि स्टॉडार्ट या दोघांनी २००३ मध्ये पॉप्युलेशन हेल्थची जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच, की एखाद्या लोकसमूहाचं आरोग्य कसं आहे एवढंच नाही तर ते त्या समूहात कसं वाटलं गेलंय तेही बघायचं. आपल्या जिल्ह्यात १५ तालुके, २०११ च्या जनगणनेत ६१ लाख माणसं. शहरातला गंगापूर रोडचा बंगला आणि आदिवासी सुरगाणा तालुक्यातला पाडा मिळून जी सरासरी निघते ती दोघांपैकी कुणाचीच नसते.

पोरीला ऑफर आलीय ते अकॅडमिक मेडिकल सेंटर, हे फार अवघड नाही. हॉस्पिटल, मेडिकल कॉलेज आणि संशोधन या तिन्ही गोष्टी एकाच संस्थेत. आपल्याकडं दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय ही त्यातली नावं. हॉस्पिटलमध्ये पैसा येतो, कॉलेजमध्ये मुलं येतात, संशोधनात मात्र काय येतं ते लगेच दिसत नाही, आणि भांडण सगळं तिथंच आहे.

पगार कुणाचा, वेळ कुणाची

आता चौथं पान. तिकडं मेडिकल स्कूलमध्ये संशोधक घेतात तेव्हा त्याच्या पगाराचे तुकडे पाडतात, आणि तुकडे पाडायचं माप आहे वेळ. त्याला ते 'एफर्ट' म्हणतात. म्हणजे तुमच्या शंभर टक्के वेळेपैकी वीस टक्के शिकवायला असेल तर त्याचा पगार कॉलेज देणार, दहा टक्के ओपीडी असेल तर तो हॉस्पिटल देणार, आणि उरलेली वेळ संशोधनाची असेल तर ती ज्यानं विकत घेतली त्यानं तिचे पैसे द्यायचे. विकत घेणारा बहुतेक वेळा एनआयएच, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था. संस्थेच्या तिजोरीतून येणारा पक्का पगार तो हार्ड मनी, ग्रँटमधून येणारा तो सॉफ्ट मनी. नानांच्या पोरीची नोकरी चौथ्या वर्षापासून ७० टक्के सॉफ्ट मनीवर.

पिंपळगावच्या बाजार समितीत गाळा मिळाल्यासारखं आहे हे. गाळा आहे, पाटी आहे, वजनकाटा आहे, समितीचं नाव आहे, पण माल तुम्ही आणायचा आणि गिऱ्हाईकही तुम्हीच धरायचं. तुम्ही म्हणाल मग समितीला काय मिळतं? तर आडत मिळते. ग्रँट मंजूर झाली की संशोधनाच्या खर्चावर वरून संस्थेला इमारत, वीज, अकाउंट्स, परवानग्या यासाठी वेगळी टक्केवारी मिळते, मोठ्या संस्थांमध्ये ती पन्नास टक्क्यांच्या पुढंही जाते. आणि आपल्याकडं २०१६ पासून आडत शेतकऱ्याकडून न कापता खरेदीदाराकडून घेतात ना, तसंच इथंही ती संशोधकाच्या पैशातून कापत नाहीत, पैसे देणाऱ्याकडून वर घेतात.

या आडतीवरच २०२५ मध्ये मोठा राडा झाला. फेब्रुवारीत एनआयएचनं जाहीर केलं की यापुढं सरसकट १५ टक्केच देणार. विद्यापीठं आणि राज्यं कोर्टात गेली, कोर्टानं ते अडवलं, पण तोवर सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता आणि बऱ्याच विद्यापीठांनी नवी भरती थांबवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली, म्हणजे देशाबाहेरच्या उमेदवाराला बोलवायचं तर डिपार्टमेंटला आधी तो हिशेब करावा लागणार. पोरगी आधीपासून तिकडंच आहे म्हणून तिची गोष्ट थोडी वेगळी, पण नानांची झोप उडायला ती बातमी पुरेशी होती.

आता ७० टक्के म्हणजे नक्की किती काम, तेही बघा. एनआयएचची नेहमीची मोठी ग्रँट म्हणजे आर-झिरो-वन, जास्तीत जास्त पाच वर्षांची, आणि सोप्या पद्धतीनं बजेट मांडायचं तर वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. ऐकायला डोंगर वाटतो, पण त्यात फील्डवर्कर, स्टॅटिस्टिशियन, प्रवास, सॉफ्टवेअर सगळं आलं, त्यामुळे मुख्य संशोधक स्वतःची वीस-पंचवीस टक्के वेळच त्यावर लावतो. म्हणजे ७० टक्के भरायचे तर एकाच वेळी तीन ग्रँट चालू पाहिजेत. अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण २०२४ पर्यंत साधारण पाचात एक होतं, आणि अर्ज टाकल्यापासून पैसे हातात यायला नऊ महिने कुठं गेले नाहीत. हे गणित मांडल्यावर नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि कायम कधी करतात?" कायमपणाला तिकडं टेन्युअर म्हणतात, पण मेडिकल स्कूलमध्ये टेन्युअर मिळाला म्हणजे पूर्ण पगाराची हमी मिळाली असं नसतं, बऱ्याच ठिकाणी खुर्ची कायम आणि पगार मात्र आणलात तर.

मग पहिली तीन वर्षं फुकट का सांभाळतात

फुकट नाही, ती बाग उभी करायची वर्षं आहेत. द्राक्ष लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आधी डॉगरिजचा खुंट लावायचा, पावसाळ्यानंतर त्यावर कलम भरायचं, मंडप उभा करायचा, ठिबक टाकायचं, आणि पहिला माल हातात यायला दोन वर्षं जातात. या काळात उत्पन्न शून्य आणि खर्च सगळा. हा मंडप-ठिबकाचा खर्च म्हणजे तिकडच्या भाषेत स्टार्टअप पॅकेज. प्रयोगशाळेतल्या संशोधकाला त्यात मशिनं लागतात, पॉप्युलेशन हेल्थवाल्याला माणसं लागतात. एक डेटा मॅनेजर, एक रिसर्च कोऑर्डिनेटर, स्टॅटिस्टिशियनचा काही वेळ, मोठे डेटासेट घ्यायला पैसे. आणि सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे राखीव वेळ, जिच्यात कुणी येऊन "जरा हे लेक्चर घ्या" म्हणणार नाही.

म्हणून काही जण कलम केलेलं रोप घेऊनच येतात. एनआयएचचे के अवॉर्ड म्हणून असतात, नव्या संशोधकासाठी, त्यात नियमच असा की निदान ७५ टक्के वेळ संशोधन आणि शिकण्यातच गेली पाहिजे आणि संस्थेनं ती सोडली पाहिजे. असा अवॉर्ड खिशात असलेला उमेदवार दिसला की निवड समितीचे डोळे चमकतात, साहजिक आहे, दोन वर्षांची बाग आयती मिळतेय.

निवड करताना बघतात काय

हे प्रकरण वर्षभरसुद्धा चालतं. जाहिरात, अर्ज, संशोधनाचं टिपण, तिघांची शिफारसपत्रं, मग व्हिडिओ कॉलवर एक फेरी, मग दोन दिवस प्रत्यक्ष बोलावणं. त्या दोन दिवसांत एक भाषण असतं, जॉब टॉक म्हणतात, त्यात आजवर काय केलं ते सांगायचं. पण खरी परीक्षा बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या बैठकीत असते. चॉक टॉक. स्लाइड नाहीत, प्रोजेक्टर नाही, फळा आणि खडू, समोर दहा-बारा प्राध्यापक, आणि विषय एकच: पुढची पाच वर्षं तू काय करणार, पहिली ग्रँट कशाची, ती नाही मिळाली तर काय. मध्येच तोडतात, आकडे विचारतात, किती घरांना भेटी देणार, किती टक्के माणसं मध्येच सोडून जातील धरलंस, कशावरून धरलंस.

म्हणजे माणूस निवडताना ते खरं तर एक प्रश्न निवडतायत, जो दहा वर्षं पुरेल. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. आपल्याकडच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "फायनल इयरला किती टक्के होते?"

मग आपल्याकडं काय

आपल्याकडं उलटं आहे. इथं पगाराची काळजी नाही, निदान कायम असलेल्याला नाही. सरकारी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर एमपीएससीतून येतो, एकदा लागला की लागला. मध्ये जागा रिकाम्या राहिल्या की वॉक-इन मुलाखती, काही महिन्यांच्या ऑर्डरी, तेवढ्या महिन्यांत कुणी दहा वर्षांचा प्रश्न हातात घेत नसतो. पण कायम असलेल्याचीही वेळ कुणी राखत नाही. पगार पक्का आणि वेळ शून्य.

शिवाय जागा मोजायची पद्धत बघा. इतकी एमबीबीएसची सीट, तर इतके शिक्षक, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, तोच जो २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी आला. शिक्षकानं रिसर्चचा ऑनलाइन कोर्स केलेला असावा, प्रमोशनला पेपर असावेत, हे सगळं नियमात आहे, पण अमुक टक्के वेळ फक्त संशोधनाला असं कुठल्याही ऑर्डरीत मी तरी पाहिलेलं नाही. कम्युनिटी मेडिसिन (पीएसएमचं आताचं नाव) मध्ये प्राध्यापक व्हायचं तर साधारणपणे एमडीच लागते, मग आरोग्याचा अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, आकड्यांत पीएचडी केलेला माणूस बसवायचा कुठं? माझ्यासारख्याला त्या 'कम लेक्चरर'मध्ये.

एक प्रसंग सांगतो, कॉलेजचं नाव नको. सुरगाण्याच्या काही पाड्यांवर दर तीन महिन्यांनी लहान मुलांची वजनं घ्यायची असा आमचा छोटासा अभ्यास होता. दिवाळीच्या आधीची फेरी ठरली, गाडी सांगितली, आणि दोन दिवस आधी इन्स्पेक्शन येणार अशी कुणकुण लागली. झालं, कुणी कॅम्पस सोडायचा नाही, गाडी रद्द, सगळे शिक्षक खुर्चीत दिसले पाहिजेत. इन्स्पेक्शन त्या आठवड्यात आलंच नाही ते सोडा. आम्ही दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी पोचलो. साल्टरचा काटा आंब्याच्या फांदीला टांगला, झोळी अडकवली, आणि यादीतली निम्मी मुलं नव्हतीच. एका घराच्या कडीत नुसती काडी खोचलेली. शेजारची आजी कोंबड्या हाकता हाकता म्हणाली, "ती गेली ना द्राक्षाला, पिंपळगावकडं. आता शिमग्याला येतील." आमच्या रजिस्टरमध्ये ती मुलं 'लॉस्ट टू फॉलो-अप' झाली, म्हणजे हरवली. हरवली कसली, कुणाच्या तरी बागेच्या बांधावर पालात होती, आपण नाशकातून जाता-येता हायवेवरून दिसतील एवढ्या जवळ. आपण त्या आठवड्यात गेलो असतो तर निघण्याआधीचं वजन मिळालं असतं आणि परत आल्यावरचं ताडून बघता आलं असतं, अख्खा अभ्यास त्यावरच होता.

आणि आता २०२५ पासून तर शिक्षकांची हजेरी चेहरा दाखवून, मोबाईलच्या लोकेशनसकट. दांडीबहाद्दरांना चाप बसला, ते बरंच झालं. पण पाड्यावर काटा टांगणारा माणूस आणि घरी झोपलेला माणूस, मशीनला दोघंही सारखेच गैरहजर.

"पण आधी पेशंट बघायला डॉक्टर द्या, संशोधक काय करायचेत?"

हा आक्षेप सिव्हिलच्या केसपेपरच्या रांगेत दोन तास उभा राहिलेला माणूस घेतो तेव्हा मला उलट उत्तर देववत नाही. पण गडचिरोलीचं उदाहरण बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केलं, गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या, आणि मग ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूदर ६० टक्क्यांहून जास्त कमी झाला, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्याचं मूळ तिथं आहे. किती डॉक्टर नेमून एवढी बाळं वाचली असती? आणि सुरुवातीपासून पेपरपर्यंत मोजा, तेरा वर्षं. कुठल्या कॉलेजच्या प्रमोशनच्या फॉर्मात ही तेरा वर्षं बसतात सांगा. हे काम मेडिकल कॉलेजच्या बाहेर झालं, जामखेडचं आरोळे डॉक्टर दांपत्याचं १९७० पासूनचं गावांच्या आरोग्याचं कामही बाहेरच झालं. मला तो योगायोग वाटत नाही.

"आकडे तर सरकारकडं असतातच की"

असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत येतं आणि थांबतं, तालुक्याचं, पाड्याचं त्यातून कळत नाही, म्हणजे चाळीचा तो गळका कोपरा दिसतच नाही. आणि दर फेरीला घरं वेगळी असतात, त्याच माणसांचं दहा वर्षांत काय झालं हे सांगता येत नाही. त्यासाठी तीच माणसं धरून राहावं लागतं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ जणांना असं धरलं तेव्हा बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि हार्ट अटॅक यांचा संबंध पक्का कळला. आपल्या जवळ पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रानं वढू भागात २००२ पासून घरोघरच्या नोंदी चालू ठेवल्यात. कोविडमध्ये मालेगावात साथ लवकर कशी आटोक्यात आली म्हणून आपल्या आरोग्य विद्यापीठानं २०२२ मध्ये 'मालेगाव मॅजिक' नावानं अभ्यास हाती घेतला, चांगलंच केलं. पण यंत्रमागांच्या मोहल्ल्यांत आधीची दहा वर्षं कुणी नोंदी ठेवत बसलं असतं तर उत्तर शोधणं किती सोपं गेलं असतं. साथ आल्यावर संशोधक भरता येतो, मागची दहा वर्षं भरता येत नाहीत.

"पगार वाढवा, येतील की"

काही येतील. पण पगार वाढवून वेळ तीच ठेवली तर चांगल्या पगारावर लेक्चर घेणारा अजून एक माणूस मिळेल, एवढंच. २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप बघा, भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून देतात, पाच वर्षं पगारही आणि संशोधनाचा खर्चही. अशी फेलोशिप कुणी नाशकात आणली आणि कॉलेजनं त्या माणसाला खरोखर मोकळं सोडलं, हजेरीत 'फील्ड' असा एक रकाना ठेवला, सोबत दोन फील्डवर्कर आणि एक जुनी का होईना गाडी दिली, तर सुरगाणा, मालेगाव, निफाडच्या फवारण्या, २०२७ चा कुंभ, प्रश्नांना काय तोटा आहे. अमेरिकेतलं सॉफ्ट मनी जसंच्या तसं मात्र आणू नका. तिथले लोक निम्मं आयुष्य अर्ज लिहिण्यात घालवतात, एक फेरी हुकली की घरभाड्याची चिंता, आणि ज्या प्रश्नाला पैसे मिळतात तोच प्रश्न महत्त्वाचा वाटायला लागतो.

नानांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी पोरीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं उत्तर आधीच पाठवलं होतं. राखीव वेळ तीनऐवजी चार वर्षं, डेटा मॅनेजर पूर्ण वेळ आणि ते लेखी, आणि दोन ग्रँटच्या मध्ये खंड पडला तर एक वर्ष डिपार्टमेंटनं सांभाळायचं.

"आणि पगार?" नानांनी विचारलं.

"पगार आहे तो ठीक आहे, बाबा."

फोन ठेवल्यावर नाना चष्मा पुसत बसले. मग एकदम म्हणाले, "सर, पण हजेरी कुठं लावायची तिनं?"

"हजेरी नसते नाना तिथं."

"हजेरीच नाही?" असं म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.